चाकांवरचे बिऱ्हाड

प्रवासाला निघताना घर मागे ठेवावे, असा आपल्याकडचा दंडक आहे. कुलूप लावावे, ते दोनदा ओढून पाहावे, किल्ली शेजारी द्यावी, आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर गॅस बंद केला की नाही अशी शंका येऊन पुन्हा वर जाऊन यावे. एवढे सोपस्कार झाले की माणूस मोकळा. घर पाठीवर घेऊन हिंडणारे प्राणी माझ्या माहितीत दोनच : एक गोगलगाय आणि दुसरा म्हणीतला विंचू. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीत आम्ही चार माणसे असेच बिऱ्हाड पाठीवर घेऊन कोकणात जाऊन आलो. त्यात गोगलगायीची चाल आमच्या गाडीने घेतली होती. विंचवाचा स्वभाव कुणी घेतला होता, ते आमची ही सांगेल.

गाडी माझ्या धाकट्या भावाची. बारा वर्षे मुलांना शाळेत पोचवून ती सेवानिवृत्त झाली होती. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन-पर्यटनाचे धोरण जाहीर केले, त्या बातमीचे कात्रण धाकट्याने पाकिटात जपून ठेवले होते. पुढे हाताशी पैसे आले तेव्हा त्याने ही गाडी घेतली. पैसे कोठून आले ते पुढे येईलच. कल्याणचा एक सुतार आणि एक वेल्डर यांना हाताशी धरून त्याने तिच्या पोटात संसार मांडला. दिवसा बाक आणि रात्री पलंग होणाऱ्या फळ्या, दोन हात लांबीचा ओटा, त्यावर शेगडी, शंभर लिटरची पाण्याची टाकी, टपावर उन्हाने चार्ज होणारी पट्टी, एक पंखा आणि दोन दिवे. कागदपत्रे रीतसर करून घेतली, पिवळा रंग जाऊन पांढरा आला. पण उन्हाची तिरीप पडली की पांढऱ्याखालून शाळेची जुनी अक्षरे डोके वर काढीत. खिडक्यांचे आडवे गज त्याने तसेच ठेवले होते. त्यांतून बाहेर पाहणारी आम्ही माणसे प्रवासी कमी आणि कच्चे कैदी जास्त दिसत असू. शिवाय मी पडलो मास्तर. ज्या गाडीच्या पत्र्यावर पोरांनी कर्कटकाने आपली नावे कोरून ठेवली आहेत, तीत बसून सुटी लागली असे मनाला पटवणे मला जड गेले.

आमचे गाव गुहागरच्या दक्षिणेला, हेदवीच्या अलीकडे. वडील २०१४ साली गेले आणि आई डोंबिवलीला माझ्याकडे आली. घर बंद राहिले. कोकणातले बंद घर म्हणजे न बोलणारे आजारी माणूस. दर मे महिन्यात जाऊन कौले फिरवून घ्यावी लागतात. गडी मिळत नाहीत. नारळ वानर खातात आणि त्यांची कवटे आपण गोळा करायची. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते वादळाने आंब्याची फांदी मांगरावर पडली आणि मांगर बसला. २०२२ साली आम्ही घर विकले. 'आम्ही' हा शब्द मी इथे व्याकरणाच्या सोयीसाठी वापरतो.

तेव्हापासून आई कोकणात गेली नव्हती. ती जायचे नाही असे कधी म्हणाली नाही. एकच प्रश्न विचारी, "उतरायचं कुठे?" नातेवाईक होते, लॉज होते, प्रत्येक वाडीत एकेक पाटी लावून घरगुती राहण्या-जेवणाची सोय झाली होती. ते सारे ऐकून घेऊन ती म्हणायची, "माझ्याच गावात पाहुणी म्हणून राहू?" आणि विषय मिटायचा.

धाकट्याने एका रविवारी ती गाडी आमच्या इमारतीखाली आणून उभी केली. आईला खाली बोलावले आणि म्हणाला, "आई, उतरायचंच नाही. यातच राहायचं."

आईने ओट्याची उंची हाताने मापली. नळ सोडून पाहिला. मग विचारले, "देव कुठे ठेवायचे?"

जाणे ठरले.

पहाटे पाचला निघालो. पनवेल मागे पडले. मुंबई-गोवा रस्त्याच्या रुंदीकरणाला २०११ साली हात लागला, आणि त्या कामाची जी काही स्मृतिचिन्हे वडखळपर्यंत आम्हांला भेटली त्यांनी गाडीतला एकूणएक स्क्रू आपापल्या जागी आहे की नाही याची चौकशी केली. वडखळला अलिबागकडे वळलो. पोयनाडच्या आसपास ही म्हणाली, "अहो, माझे पाय ओले का लागतायत?"

टाकीचा नळ धक्क्यांनी आपोआप सुटला होता. शंभरातले चाळीसेक लिटर पाणी गाडीभर हिंडून आले होते. भाजणीची पिशवी वाचली. देवांचा डबा आईच्या मांडीवरच होता. भिजल्या त्या सातवी ब च्या इतिहासाच्या बावन्न उत्तरपत्रिका. त्या मी तपासायला बरोबर घेतल्या होत्या, कारण सुटीत पेपर तपासायचे नाहीत असा एकही मास्तर अजून जन्माला आलेला नाही.

त्या वाळवायचे काम काशीदला केले. रेवदंड्याचा पूल ओलांडून, कोरलईचा किल्ला उजव्या हाताला ठेवून आम्ही दुपारी तिथे पोचलो. सुरूच्या झाडांखाली गाडी लावली आणि त्या पांढऱ्या वाळूवर मी बावन्न उत्तरपत्रिका मांडून प्रत्येकीवर एकेक दगड ठेवला. प्रश्न तिसरा होता, शिवाजी महाराजांनी आरमार का उभारले? निळी शाई फुटून बहुतेकांचे आरमार पाण्यात गेलेच होते. ते आता समुद्राच्या साक्षीने किनाऱ्याला लागले. उंटवाला उंट घेऊन आला, त्याने ही वाळवणे पाहिली, उंट बाजूने काढला आणि विचारले, "पापड काय?"

वाऱ्यात शेगडी पेटेना. तीन बाजूंना आम्ही तिघे चादर धरून उभे राहिलो आणि मधे आईने पिठले-भात केला. वाळू थोडी त्यात गेलीच. पण मला वाटते, पिठले हा पदार्थच मुळी घराबाहेर खायचा आहे. घरात तो गरिबीचा वाटतो. बाहेर, अंधार पडता पडता, हातावर भाकरीचा तुकडा आणि समोर लाटांची पांढरी रेघ असली की त्याला राजेपण येते. जेवून आई गाडीच्या दारात पाय बाहेर सोडून बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ओटीवर बसल्यासारखं वाटतं." मी भांडी विसळायला घेतली.

रात्रीचा प्रश्न लांबीचा होता. फळ्या सुताराने साडेपाच फुटी केल्या आणि धाकटा पावणेसहा फूट. तीन इंच माणसाचे करायचे काय? त्याने मागचे दार किलकिले ठेवून पाय बाहेर काढले. मध्यरात्री तो अशा काही आवाजात ओरडला की पलीकडच्या टपरीतला माणूस कंदील घेऊन धावला. एक कुत्रे येऊन त्याच्या तळव्यांशी सलगी करीत होते. ते कुत्रे मग पहाटेपर्यंत आमच्या चाकाला टेकून झोपले. सकाळी पोळी खाऊन निघून गेले. तेवढ्यापुरते आमच्याही दारात कुत्रे होते.

आता एक नाजूक विषय. धाकट्याने पडदा लावून एक कोपरा केला होता आणि त्यात परदेशी पद्धतीची एक पेटी ठेवली होती. आईने ती पाहिली आणि तिच्यावर कांद्या-बटाट्याची टोपली ठेवली. पुढचे चार दिवस आमचा मार्ग नकाशापेक्षा पेट्रोल पंपांनी ठरवला. सभ्य दिवाळी अंकात याहून अधिक लिहिता येत नाही.

मुरूड ओलांडून आगरदांड्याला आलो. तिथून खाडीपलीकडे दिघीला गाड्या वाहून नेणारी बोट जाते. तिला सगळे कोकण 'जंगलजेट्टी' म्हणते. आईने विचारले, "जंगल कुठाय रे यात?" मूळ शब्द जंगार. केरळात गाड्या वाहणाऱ्या अशा तराफ्याला तसेच म्हणतात. कोकणाच्या जिभेने त्याचे जंगल केले. मी हे समजावून सांगत असतानाच आमची गाडी उलटी बोटीवर चढत होती. ओहोटी लागलेली, त्यामुळे उतार खडा. आमच्या गाडीला मागे बाक वाढवून शेपूट आले होते. ते शेपूट फळीला घासले आणि खालून असा एक आवाज आला की सगळ्या बोटीने आमच्याकडे पाहिले. चूक कुणाची नव्हती. गाडीला शेपूट आहे हे आम्हीच विसरलो होतो. खलाशांनी चाकांखाली लाकडी ठोकळे दिले, "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत गाडी वर घेतली आणि सुटून लोंबणारा सायलेन्सर धाकट्याने तारेने बांधला. दिघीला आम्ही उतरलो ते ट्रॅक्टरचा आवाज करीत. डावीकडे समुद्रात जंजिरा उभा होता की उजवीकडे, हे त्या गोंधळात पाहायचे राहिले. सातवी ब च्या बावन्न जणांनी तो अजिंक्य राहिल्याचे मात्र एकमताने लिहिले होते.

दिवेआगरपासून आई खिडकीशी सरकून बसली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ या किनाऱ्यावर आले आणि इथल्या नारळी-पोफळी त्याने आडव्या केल्या. ज्याला वाडी ठाऊक नाही त्याला आजही इथे हिरवेगारच दिसेल. आईला मधली आभाळे दिसत होती. "इथे नव्हता एवढा उजेड," ती म्हणाली. लावलेली पोफळ फळायला पाच-सहा वर्षे घेते, आणि वादळाला एक दुपार पुरते. काही वाड्यांत नवी रोपे डोक्याएवढी झाली होती. आई ती बोटांनी मोजत होती, जणू सगळ्या वाड्यांचा हिशेब तिला कुणाला तरी द्यायचा होता.

श्रीवर्धनला एका वेल्डरने अर्ध्या तासात सायलेन्सर जोडून दिला आणि पैसे सांगताना इतका संकोचला की धाकट्याने आपणहून वर शंभर रुपये दिले. श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ भटांचे गाव. इथली देशमुखी सोडून ते घाटावर गेले आणि पेशवे झाले. घर सोडून जाण्याला इतिहासात असा मोठा आधार आहे. मी गेलो आणि डोंबिवलीकर झालो. हा विनोद मी मोठ्याने केला. ही हसली. धाकटा आरशात मागचा रस्ता पाहत होता.

तिसऱ्या दिवशी हरिहरेश्वर. तिथली प्रदक्षिणेची वाट डोंगराला लागून समुद्राच्या काठाकाठाने जाते आणि भरती असली की जाता येत नाही. आम्ही नेमके ओहोटीला पोचलो. शहात्तर वर्षांची आई धाकट्याचा हात धरून ती सगळी वाट चालली. मी मागून तिच्या चपला घेऊन. बागमांडल्याला पुन्हा बोट, आणि बाणकोटची खाडी ओलांडून वेशवीला रत्नागिरी जिल्ह्याची माती लागली. या खेपेस गाडी चढवताना आम्ही तिघेही खाली उतरून शेपटाकडे लक्ष देत होतो.

वेळेत दाभोळला पोचलो असतो. पण दापोलीच्या वाटेवर एका वाडीत, इंजिन निवायला म्हणून एसटीच्या थांब्याशी थांबलो. पांढरी गाडी, खिडक्यांना गज, आत फळीवर अंथरूण. पाच मिनिटांत एक म्हातारी गुडघा धरून दाराशी आली. तिच्यामागे एक बाई तापलेले पोर घेऊन. तिच्यामागे आणखी चौघे. फिरता दवाखाना आला, अशी वाडीभर वर्दी गेली होती. मी समजावू लागलो की आम्ही डॉक्टर नव्हे. म्हातारी म्हणाली, "डाक्तर नसूंदे, गोळी तरी द्या." माझ्याकडे फार तर शुद्धलेखनाचे नियम होते. शेवटी आई खाली उतरली. तिने आपल्या पिशवीतले निरगुडीचे तेल काढले आणि थांब्याच्या बाकावर बसून म्हातारीचा गुडघा चोळून दिला. तापलेल्या पोराला आणि त्याच्या आईला धाकटा मोटारसायकलवाला शोधून दापोलीला रवाना करून आला. मग दोन्ही म्हाताऱ्या गुडघ्यांवरून सुनांवर आल्या. आम्हांला तिथून निघायला सूर्य बुडाला. जाताना गाडीत दोन पडवळे आणि एक भोपळा होता. औषधाची फी.

दाभोळच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा शेवटची फेरी गेलेली होती.

आदिलशाही काळातली ती घुमटाची मशीद अंधारात काळी दिसत होती. वाशिष्ठीपलीकडे, अंजनवेलच्या बाजूला, वीज-प्रकल्पाचे दिवे पाण्यात लांब लांब पडले होते. बायका गाडीत झोपल्या. आम्ही दोघे भाऊ धक्क्याच्या कठड्यावर बसलो. असे दोघेच आम्ही केव्हा बसलो होतो ते मला आठवेना.

"तू ते घर दोनदा विकलंस, दादा," धाकटा म्हणाला.

"दोनदा?"

"एकदा प्रकाशकाला. मग त्या पुण्याच्या माणसाला. पहिल्या खेपेला पैसे कमी मिळाले, एवढंच."

मी हसलो. माझ्या दोन कादंबऱ्यांत ते घर आहे. ओटी, माजघर, विहिरीवरचा रहाट, रस्त्यावरून खाली उतरणारी पाखाडी. ती वर्णने लोकांना आवडली. मीही ती व्याख्यानांतून वाचून दाखवली आहेत. धाकटा हसत नव्हता. त्याने आपल्या वाटणीच्या पैशांत ही गाडी घेतली होती. आम्ही तीन दिवस त्या घराच्या ओटीत, माजघरात झोपत होतो, पिठले शिजवत होतो, आणि हे मला दाभोळच्या धक्क्यावर बसेपर्यंत उमगले नव्हते. माझी वाटणी डोंबिवलीच्या ब्लॉकच्या कर्जात गेली. तिच्यात झोपायला चाकांची गरज नाही.

खाडीत कुठेतरी होडीचे वल्हे वाजले. मी त्याला सांगायचे ठरवले. सांगायचे म्हणून दोन वर्षे ठरवीत होतो.

"तुला आणि आईला विचारायच्या आधीच मी इसार घेतला होता," मी म्हणालो. "महिनाभर आधी. नंतर विचारलं ते नुसतं विचारण्यासाठी."

तो काही वेळ बोलला नाही.

"ठाऊक आहे," मग म्हणाला. "इसारपावतीवर तारीख असते, दादा."

"मग सही का केलीस? बोलला का नाहीस?"

"आई समोर बसली होती ना."

मागे गाडीच्या गजांआडून आईचा खोकला ऐकू आला. ती केव्हापासून जागी होती, मला माहीत नाही. मी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. धाकटा उठला, पॅण्ट झटकली आणि म्हणाला, "झोप आता. सकाळी लवकर रांगेत लावू." त्या रात्री त्याचे पाय बाहेर नव्हते. तो तिरपा झोपला होता आणि त्याची टाच माझ्या बरगडीत होती. मी ती हलवली नाही.

धोपाव्याला उतरलो, गुहागर गेले, पालशेत गेले. मग रस्त्याचे प्रत्येक वळण आईला आधी कळू लागले. ती वळणाच्या आधीच हाताने बाक धरी.

आमचे घर रस्त्याच्या खाली. बेडे ओलांडले की चिऱ्यांच्या पाखाडीने खाली उतरायचे. गाडी तिथे जाणे शक्यच नव्हते. ती वर रस्त्यावर, गडग्याच्या कडेला, फणसाखाली उभी केली. फणस आता आमचा नव्हता, पण त्याची एक फांदी रस्त्यावर येते आणि रस्ता सरकारचा आहे. खाली घर दिसत होते. मी मनात पडझड घेऊन गेलो होतो. घर लख्ख होते. नवी कौले, सारवलेले खळे, पडवीत वेताच्या खुर्च्या, तुळशीवृंदावनाला गेरू. बेड्याला एक सुबक पाटी होती आणि तिच्यावर खोल्यांचे दर. आम्ही आठ वर्षांत जे केले नव्हते ते त्या माणसाने दोन वर्षांत केले होते. त्याच्यावर रागवायला काहीतरी हवे म्हणून मी सगळीकडे पाहिले. सापडले नाही.

"कौलं छान बसवलीत," आई म्हणाली.

ती खाली गेली नाही. तिने देवांचा डबा उघडून ओट्याच्या कोपऱ्यात देव मांडले, शेगडी पेटवली आणि घावनाचे पीठ भिजवले. दार उघडे होते. तव्यावरचा चर्र आवाज आणि वास पाखाडी उतरून खाली गेला असणार, कारण थोड्याच वेळात एक पंचविशीचा मुलगा वर आला. घराची व्यवस्था तो पाहतो.

"इथे गाडी नाही लावता येणार, काका. पाहुण्यांच्या गाड्या यायच्यात."

धाकट्याच्या कपाळावरची शीर मला दिसली. तेवढ्यात आईने बशीत घावन घालून वर गूळ-खोबरे ठेवले आणि बशी मुलापुढे केली. तो ओशाळला. उभ्याउभ्या खाल्ले. दुसरे घेतले.

"कुठल्या तुम्ही, आजी?"

"डोंबिवलीच्या," आई म्हणाली.

मी आणि धाकट्याने एकमेकांकडे पाहिले नाही.

"तुमच्या विहिरीला पाणी आहे ना, बाळ?" तिने विचारले. "आमची टाकी गळते."

"आहे ना. मोटार लावतो. पाइप येईल वरपर्यंत."

"मोटारीचं नको. रहाटाचं दे."

"रहाट आहे, पण तो शोभेला ठेवलाय. तुम्हाला कसं कळलं?"

"कोकणात विहीर म्हटली की रहाट असायचाच."

मग आम्ही दोघे भाऊ कळशा घेऊन पाखाडी उतरलो. पायऱ्या बत्तीस. कादंबरीत मी चाळीस केल्या होत्या, वाक्याला जरा वजन यावे म्हणून. दर कळशीमागे त्या वाढीव आठ पायऱ्या माझ्या गुडघ्यांनी माफ केल्याबद्दल मी देवाचे आभार मानले. धाकटा रहाट ओढी आणि मी वाही. रहाटाची कुरकुर तीच होती. पाहुण्यांपैकी एका बाईंनी आमचा फोटो घेतला आणि "किती छान, अजून तुम्ही असंच भरता?" असे विचारले. धाकटा म्हणाला, "हो." दहा कळशा झाल्या. शेवटच्या दोन त्या मुलाने वाहिल्या, त्याला बहुधा माझी दया आली.

आईने तांब्यात पाणी घेऊन तोंडाला लावले. आम्ही वाट पाहत होतो. ती त्या मुलाला म्हणाली, "उपसा कमी पडतो रे विहिरीला. रोज दहा कळशा तरी काढत जा हाताने. नुसती मोटार लावून भागत नाही."

"काढीन, आजी," तो म्हणाला. रात्रीपुरती गाडी तिथे राहू द्यायलाही तो कबूल झाला. पाहुण्यांच्या गाड्या त्याने पलीकडे लावायला सांगितल्या.

रात्री पाऊस आला. कार्तिकातला, कुणी न बोलावलेला. पत्र्यावर तो असा वाजला की बोलणे अशक्य झाले, आणि आम्ही चौघे अंधारात न बोलता पडून राहिलो. मला या सबंध प्रवासात सगळ्यात सुखाचा वाटला तो हाच तास. खाली कौलांवर पडणाऱ्या पावसाचा आवाज वेगळा असतो, जास्त दबका. मी तो ऐकायचा प्रयत्न केला. पत्र्याने ऐकू दिला नाही.

परतताना चिपळूणवरून महामार्गाने आलो. नळ पुन्हा गळू लागला. आईने त्याखाली तांब्या धरला. तांब्या भरला की पातेल्यात, पातेले भरले की कुकरमध्ये. चिपळूण येईपर्यंत गाडीतले प्रत्येक भांडे काठोकाठ भरले होते आणि कुणी पाय हलवायचा नाही असा हुकूम होता. परशुराम घाटाच्या चढावर ते सगळे एकदम मागे आले. उत्तरपत्रिका दुसऱ्यांदा भिजल्या. शाळा उघडल्यावर त्या वाटल्या तेव्हा एक मुलगा पेपर घेऊन उठला, "सर, माझ्या पेपरात वाळू आहे." मी म्हटले, आरमाराच्या उत्तरात असणारच. बाकीच्यांनीही मग आपापले पेपर झटकून पाहिले.

धाकट्याने रविवारी नवा नळ आणला. तो बसवायचा तर टाकी रिकामी करायला हवी. गाडी खाली उभी होती. तो नळ उघडून उरलेले पाणी गटारात सोडणार, तेवढ्यात आई तीन जिने उतरून तांब्या घेऊन आली आणि तिने तो नळाखाली धरला. तळाचे पाणी, जेमतेम तांब्याभर. तांब्या हिच्या हाती देत ती म्हणाली, "गाळून घे. चार कप चहा टाक. धाकट्याला साखर कमी लागते."